फळीखालचे तीन ठोके

मित्रांनो, मी एक जुनी डिझेलची नळी आहे. काळी, रबराची, अंगठ्याएवढी जाड. एका शिडाच्या होडीत टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत पोचवणं हे माझं काम होतं. शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असं तुम्ही विचाराल. वारा पडला की कळतं कशाला! माझं सारं आयुष्य एका फळीखाली गेलं. तिथे जे घडलं त्यातलं बहुतेक मला समजलं आहे. एक गोष्ट मात्र अजून समजलेली नाही.

होडीच्या मालकाने मला दुकानातून मापून कापून आणलं. होडीतलं सुतारकाम त्याचं, इंजिनही त्यानेच बसवलेलं. माणूस हुशार, पण भारी घाईचा. पाण्याच्या टाकीमागून आणि लाकडी आडभिंतीच्या भोकातून त्याने मला पलीकडे नेलं आणि वर झोपायचा बाक स्क्रूने पक्का करून टाकला. माझ्या मधल्या भागाला पुन्हा कधी कुणाचा हात लागावा, अशी सोयच ठेवली नाही. दृष्टीआड सृष्टी!

मला आत घालताना मात्र दोघं होते. तो टाकीकडून ढकलत होता आणि त्याची बायको इंजिनाकडून खेचत होती. मधे इतकं लाकूड की एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाईना. मग त्याने खूण ठरवली. तीन ठोके म्हणजे खेच. मी पलीकडे डोकं काढलं तेव्हा तिच्या नाकाला काळं लागलं होतं आणि ती हसत होती. पुढे रोज इंजिन चालू करण्याआधी तो बाकाच्या फळीवर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकायचा आणि बायकोकडे बघायचा. त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. तिला ही खूण कुणी सांगितलीच नाही. तिला वाटायचं, बाबा इंजिनाला झोपेतून उठवतात.

ते दिवस सुखाचे होते. मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा, "बारा वर्षं झाली, एक थेंब सांडला नाही या पाइपनं!" मी फुगून जायची. एकदा कौतुक झालं की तपासणी थांबते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हळूहळू माझं रबर कडक झालं. मला धरून ठेवणारी क्लिप गंजून तुटली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ गेला आणि नुसता ताठा उरला.

मग मालक आजारी पडला आणि घरीच वारला. होडी वर्षभर धक्क्याला बांधून होती. माझ्या अंगातलं डिझेल शिळं झालं. वर पावलं वाजत नव्हती. अंधाराची सवय मला होती, पण असल्या शांततेची नव्हती.

एके दिवशी मायलेकी आल्या. मुलगी आता मोठी झाली होती, नोकरीला लागली होती. तिने टाकीत ताजं डिझेल भरलं आणि इंजिन चालू केलं. म्हाताऱ्या इंजिनाने अंग झटकलं, त्याचे हिसके मला बसले आणि मी ताठ पाठीने खालून फळीवर आपटले. ठक, ठक, ठक. मग इंजिन लयीत आलं आणि मी थांबले.

मुलगी जागच्या जागी थिजली.

"आई," ती म्हणाली, "बाबा."

आई खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मित्रांनो, ते ठोके माझे होते. पण माझ्या तोंडातून डिझेलच निघतं, शब्द निघत नाहीत. सांगणार कशी?

त्यानंतर मुलगी एकटीच येऊ लागली. इंजिन चालू करताना ती बाकावर हात ठेवायची आणि आधी एक प्रश्न विचारायची. "बाबा, नोकरी बदलू?" ठक, ठक, ठक. "बाबा, घराला निळा रंग देऊ?" ठक, ठक, ठक. तीन ठोके म्हणजे हो, असं तिने ठरवून टाकलं होतं. मला दुसरं काही वाजवताच येत नव्हतं, त्यामुळे उत्तर नेहमी होच यायचं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला बरं वाटलं. इतकी वर्षं नुसतं डिझेल वाहिलं होतं. आता कुणीतरी माझं ऐकत होतं.

पण प्रत्येक ठोक्याला आडभिंतीच्या भोकाची कड माझं अंग खरवडत होती. होडीत वास येऊ लागला.

"डिझेल गळतंय कुठेतरी," आई म्हणाली. "मेकॅनिकला बोलावूया."

"त्या फळीला कुणी हात लावायचा नाही," मुलगी म्हणाली.

आई गप्प बसली. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून झालं, असं मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं.

एका सकाळी दाट धुकं होतं. वारा अजिबात नव्हता. "आज नको गं," आई म्हणाली. मुलीने बाकावर हात ठेवला. "बाबा, जाऊ ना?" आणि मी ठोकलं. मला ठोकावंच लागलं.

बंदराच्या तोंडाशी, खडकांजवळ, मी फाटले. फार नाही, नखाएवढी. पण इंजिन माझ्यातून डिझेल ओढतं. त्याच्याबरोबर आता हवा जाऊ लागली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. प्रवाह होडीला खडकांकडे नेऊ लागला. धुक्यात काही दिसत नव्हतं, फक्त दगडांवर पाणी आपटत असल्याचा आवाज जवळ येत होता.

मुलगी बाकाशी गुडघ्यांवर बसली. "बाबा, काय करू? बाबा, सांगा ना!"

मी गप्प. इंजिनच बंद, तर मी ठोकणार कशी? तिने फळीला कान लावला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

नांगर आईने टाकला. साखळी खडखडत गेली, ताणली आणि धरून राहिली. धुकं विरलं तेव्हा खडक एका वल्ह्याच्या अंतरावर होता. दुपारी एका मच्छीमाराने त्यांना ओढून धक्क्याला आणलं.

दुसऱ्या दिवशी आईने कुणालाही न विचारता मेकॅनिकला आणलं. त्याला सगळे लांबहात्या म्हणत. फळी उघडली गेली. मुलीने श्वास रोखून आत पाहिलं. मी टाकीमागे दडलेली; वरून पाण्याच्या टाकीचं धुळकट झाकण दिसत होतं, दुसरं काही नाही.

"एवढंच?" ती म्हणाली.

लांबहात्याने खांद्यापर्यंत हात घातला, कुशीवर वळला, उलटा झाला आणि शेवटी हात टेकले. "ज्यानं हा पाइप बसवला ना, त्यानं तो कधी काढावा लागेल असा विचारच केला नाही. आता एकच उपाय. जुन्याच्या शेपटीला नवा बांधायचा आणि जुन्यासोबत खेचून घ्यायचा. ताई, तुम्ही टाकीकडून ढकला, मी इंजिनाकडून खेचतो. पण मला ऐकू कसं येणार?"

"तीन ठोके," आई म्हणाली. "तीन ठोके म्हणजे खेच. आम्ही दोघांनी असाच घातला होता."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे ते... तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू मला विचारलंस कुठे? तू थेट त्यांनाच विचारत बसलीस," आई म्हणाली. मग तिचा आवाज बसला. "पाइपच आपटतोय, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं गं. पण तुझ्याकडून ते काढून घेववेना. चुकलंच माझं."

ठोके देता यावेत म्हणून फळी परत जागेवर ठेवली गेली आणि आई तिच्यावर बसली. नव्या नळीचं आणि माझं तोंड एका लाकडी खुंटीवर बसवून वरून चिकटपट्टी गुंडाळली. नवी मऊ होती, थंड होती आणि भेदरलेली होती. मुलीने तीनदा ठोकलं, लांबहात्याने खेचलं, मी हातभर सरकले. पुन्हा ठोके, पुन्हा हातभर. मग आमचा जोड आडभिंतीच्या भोकात अडकला. मुलीने ढकलणं थांबवलं आणि तेलकट हात पुसायला फडकं घेतलं. मी तारेसारखी ताणलेली, जागची हलूही शकत नव्हते.

तेवढ्यात ठोके आले. ठक, ठक, ठक.

माझ्या अगदी शेजारी, फळीच्या आतल्या बाजूने, जिथे लांबहात्याचाही हात पोचला नव्हता. रबराचा ठोका मऊ असतो. तो मी रोज वाजवला आहे, मला ओळखता येतो. हे ठोके हाडाचे होते.

लांबहात्याने खेचलं. जोड सुळकन सुटला, मी बाहेर आले आणि माझ्यामागून नवी आली.

"बरोबर वेळेला ठोकलंत, ताई," तो म्हणाला.

"मी नाही ठोकलं. मला वाटलं आईनं ठोकलं."

आई फळीवरून उठली नव्हती. तिने तळहात फळीवर सपाट ठेवला होता. तिच्या नाकाला कसं कोण जाणे काळं लागलं होतं.

नवीला दोन्ही बाजूंनी क्लिपा लागल्या, भोकाच्या कडेला रबराची चकती बसली. मुलीने इंजिन चालू केलं आणि वाट पाहिली. एकही ठोका आला नाही. बराच वेळ तिने बाकावर हात ठेवला होता. मग तो उचलला आणि मागे वळून विचारलं, "आई, उद्या जायचं का बाहेर?"

आईने आभाळाकडे पाहिलं. "उद्या नको. परवा जाऊ."

"बरं," मुलगी म्हणाली.

आता मी लांबहात्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेली असते. मला बदललं याचं दुःख नाही. वेळेवर बदललं नाही, याचं आहे. मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमचा जीव आहे, तिच्यावरची फळी वर्षातून एकदा तरी उघडा. हात पोचत नसेल तर पोचणाऱ्याला बोलावा. आणि कधी अंधारातून ठोके ऐकू आले, तर घाबरू नका आणि लगेच विश्वासही ठेवू नका. आधी जाऊन बघा. बहुतेक वेळा तिथे माझ्यासारखी एखादी जुनी नळीच असते.

बहुतेक वेळा.