दुकानाची पायरी

त्या वॉर्डात राहायला येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. ती गाडी चालवायला शिकवायची. फुटपाथ दुकानांनी गिळलेले, माणसं रस्त्यावरून चालायची. एकदा शिकाऊ मुलीच्या गाडीखाली एक आजी येता येता वाचल्या. त्या संध्याकाळी तिनं घरी सांगून टाकलं, "मी निवडणुकीला उभी राहतेय."

"कुणाच्या जिवावर?" नवऱ्यानं विचारलं. त्याचं मोठ्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं.

"माझ्या."

मग तिला चैन पडेना. दारोदार फिरायची, घरी आली की उभ्यानंच जेवायची. सासूबाई म्हणायच्या, "खुर्चीसाठी एवढी धडपड, आणि खुर्चीवर घडीभर बसत नाहीस!"

प्रचारसभेत जुने नगरसेवक हसत म्हणाले, "ताई, फुटपाथ मोकळे करणार म्हणता. तुमच्या मिस्टरांच्या दुकानाची पायरी कुठवर आलीये, पाहिलीत का?"

हॉलमध्ये हशा पिकला. ती पायरी ती रोज चढायची. पायरी फुटपाथवर आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"उद्या तोडते," ती बोलून गेली.

नवरा मागच्या रांगेत होता. तो उठून बाहेर पडला.

सकाळी ती घण घेऊन दुकानापाशी गेली. तो अडवेल, असं तिला वाटलं होतं. किंबहुना अडवावं, असंही. त्यानं शटर उघडलं आणि धूळ बसू नये म्हणून कपाटांवर चादरी टाकल्या. तिचे पहिले घाव भलतीकडेच पडले. बघे जमले. "नाटकं!" कुणीतरी म्हणालं.

"कडेनं मार," तो वैतागून म्हणाला. घण मात्र त्यानं हातात घेतला नाही.

निवडणूक ती हरली, तेही थोडक्यात नाही, सपशेल. त्यात पायरी गेल्यानं उंबरठा उंच झाला आणि म्हातारी गिऱ्हाइकं बाहेरूनच परत जाऊ लागली. शेवटी नवऱ्यानं काउंटर मागे सरकवला आणि पायरी आतल्या बाजूला बांधायला घेतली. आधीच चिंचोळं दुकान आणखी आखडलं.

ती दारात घुटमळत राहिली. आत जावं की निघावं, कळेना.

"रागावलायस?"

"मग काय करू?" सिमेंट थापता थापता तो म्हणाला. "ती फळी धर. आणि हलू नकोस जरा."

तिनं फळी धरली.