पंजाबरावाला कोणी धरत नाही

खामगावच्या मैदानावर अकोल्याकडून अंतिम सामना हरल्यापासून आठ दिवस मलकापुरात एकच विषय चालला होता: पंजाबरावाला संघानं साथ दिली की नाही. दिली नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तरीही लोक वाद घालत होते, कारण कापसाचा हंगाम सरत आला होता आणि स्टेशनसमोरच्या हॉटेलात बोलायला दुसरं काही नव्हतं. पंजाबराव म्हणजे कबड्डीतला वाघ, एका दमात तीन-तीन गडी टिपून येणारा. त्याच्यामागचे सहा जण म्हणजे नुसती भरताड. त्या भरताडीत लोक पहिलं नाव घेत ते कडूबाचं.

कडूबा वामनरावांच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी बांधायचा आणि संघाचा डावा कोपरा सांभाळायचा. कोपऱ्यावरच्या गड्याचं काम पकड करण्याचं. समोरचा चढाईला आला की त्याचा घोटा धरायचा आणि दम सुटेपर्यंत सोडायचा नाही. कडूबा अंगानं आडवा, डोक्यानं तापट, आणि आपल्या हातांबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. दिवसभर गाठी आवळणाऱ्याच्या हातून माणूस सुटेल कसा, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. खामगावला मात्र सुटला होता, आणि तोही एकदा नव्हे, आठ वेळा.

झालं होतं असं. उत्तरार्धात पंजाबराव पकडला गेला आणि बाहेर जाऊन बसला. बाद झालेला गडी परत आत येतो तो त्याच्या माणसांनी समोरचा एखादा बाद केला की. एकच हवा होता. अकोल्याचा एक शेलाटा गडी यायचा, हुलकावण्या द्यायचा आणि हसत परत जायचा. कडूबा आणि उजव्या कोपऱ्यावरचा शकूर त्याच्या पायांकडे बघतच राहिले. नऊ मिनिटं पंजाबराव रेषेबाहेर मांडी घालून बसून होता, आणि सामना चार गुणांनी गेला.

परतल्यावर वामनरावांनी निकाल लावून टाकला. जिनाचे मालक तेच आणि संघाचे कर्तेधर्तेही तेच. पुढच्या महिन्यात चिखलीला स्पर्धा होती, तिच्यासाठी अकोल्याहून तीन गडी आणायचे आणि कडूबा, शकूर व आणखी एकाला विश्रांती द्यायची. विश्रांती हा शब्द कडूबाला शिवीसारखा लागला. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी हा संघ निघाला, तेव्हापासून चार वर्षं डावा कोपरा त्याचा होता. तो गेला तर गावात तोंड कुठं दाखवायचं? बरं, पंजाबरावानं तरी एक शब्द बोलावा, तर तो गप्प. हॉटेलात लोक त्याच्यापुढं चहा ठेवून हळहळत, आणि हा मान खाली घालून चहाबरोबर ती हळहळही पिऊन घेई. कडूबाला ते सगळ्यात जास्त झोंबलं.

घरी जेवताना त्यानं बायकोपुढं, गोजरबाईपुढं, सगळी भडास काढली. अकोल्याचा तो गडी पळायला कसा, तर हुबेहूब आपल्या पंजाबसारखा, असंही सांगून झालं. गोजरबाईनं भाकर वाढता वाढता विचारलं,

"मंग पंजाबरावाले कसे धरता तुमी?"

"पंजाबले कोनी धरत नाही."

"काऊन?"

कडूबा हसला. त्यानं घास तोंडाशी नेला आणि हात तसाच थांबला.

खरंच, का? तीन वर्षांपूर्वी सरावात पंजाबरावाचा घोटा मुरगळला होता. तेव्हा वामनरावांनी दंडक घातला की सरावात पंजाबला कोणी धरायचं नाही, त्याच्या पायावर सगळा संघ उभा आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी जिनामागच्या मैदानावर पंजाबराव चढाई करी आणि बाकीचे हात वर करून त्याला वाट देत. तोही खूष, हेही खूष. आपण आपला हिरा जपतो याचं यांना केवढं कौतुक! तसा पळणारा गडी अख्ख्या तालुक्यात एकच, आणि त्यालाच या शहाण्यांनी तीन वर्षं हात लावला नव्हता. मग अकोलेवाल्याचा घोटा यांच्या हाती लागणार कुठून? कडूबाला स्वतःचीच लाज वाटली, पण लाजेपेक्षा हुरूप मोठा होता. त्याचे हात कमजोर नव्हते. तसा पाय धरायची त्यांना कधी सवयच लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मैदानावर थेट वामनरावांसमोर उभा राहिला. पंजाबरावानं वीस चढाया कराव्यात, आम्ही धरू. एकदाही धरला नाही, तर चिखलीला अकोलेवाल्यांच्या पिशव्या मी स्वतः डोक्यावर नेईन, असं त्यानं ठणकावून सांगितलं. वामनराव भडकले. पायाला काही झालं तर जबाबदार कोण, असं विचारू लागले. कडूबा पंजाबरावाकडं वळला.

"तुले भेव वाटते का बे?"

पंजाबरावाचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं चड्डीची नाडी आवळली आणि तो मध्यरेषेवर आला.

पहिल्या चढाईत त्यानं दोघांना टिपलं, दुसरीत तिघांना. हॉटेलातले जाणकार एव्हाना मैदानाच्या कडेला जमले होते आणि पोट धरधरून हसत होते. सातव्या चढाईला शकूरनं कंबरेला मिठी घातली, तीही निसटली. कडूबा मात्र आता पाय बघतच नव्हता. उजवीकडं झेपावण्याआधी पंजाबचा डावा खांदा किंचित खाली येतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. चार वर्षं एका संघात खेळून हे त्याला आज कळत होतं.

बाराव्या चढाईला खांदा पडला. पाय जिथं येणार होता तिथं कडूबा आधीच झेपावला होता. घोटा हातात आला आणि हातानं तो गाठीसारखा आवळला. शकूर कंबरेवर पडला, त्याच्यावर बाकीचे पडले. ढिगाऱ्याखालचं कबड्डी-कबड्डी बारीक होत गेलं आणि थांबलं.

वामनराव धोतर सावरत पळत आले. सगळे बाजूला झाले तरी पंजाबराव धुळीत पालथाच पडून होता, आणि कडूबा घाईघाईनं त्याचा घोटा चाचपू लागला. मग पंजाबराव उठून बसला. पाय शाबूत होता, गुडघा तेवढा सोलला होता. पण डोळे भरून आले होते.

"खामगावले मी बाहेर बसलो, तवा लोकं म्हनत, पंजाबले साथ नाही," तो जमलेल्यांकडं बघत म्हणाला. "मले ते गोड लागलं. म्या बी मनात तेच म्हनत राह्यलो. पन साथ मीच देल्ली नाही याहीले. तीन वर्सं मले धरू देल्लं असतं, तर त्या अकोलेवाल्याले याहीनं तिथंच लोळवलं असतं."

जाणकार एकमेकांची तोंडं बघू लागले. जिंकल्यावर त्यांना काय काय सुनवायचं हे कडूबानं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य त्याला बोलावंसं वाटेना. त्यानं हात पुढं केला आणि पंजाबरावाला उभं केलं.

वामनरावांनी घसा खाकरला. अकोल्याच्या गड्यांना पत्र तर गेलंय, मग आता त्यांना बोलवायचं की नाही, असं त्यांनी जरा नरमाईनं विचारलं.

पंजाबरावानं कडूबाच्या खांद्यावर हात टाकला.

"बोलवा ना, मालक," तो म्हणाला. "पन आमच्या बाजूनं नाही. आमच्यासमोर."