सवतीचं पत्र

मी एक जुनी ईमेलची पेटी आहे. फुकटची. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी टोमणा मारायला नको. मला हात लावता येत नाही, रंग नाही, कडीकोयंडा नाही. पण दार आहे, दारात चाळणी आहे आणि पोटात सोळा वर्षांची पत्रं आहेत.

माझा जन्म एका कॉलेजच्या संगणक खोलीत झाला. माझी मालकीण तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. शेजारच्या खुर्चीवर तिचा धाकटा भाऊ पाय हलवत बसला होता. "ताई, पासवर्ड मांजराचा ठेव, कुणाला कळणार नाही," तो म्हणाला. त्या खोलीत सगळ्यांना कळलं. तरी तोच राहिला.

काय दिवस होते ते! तिची परीक्षेची हॉल तिकिटं माझ्याकडे, नोकरीचा पहिला होकार माझ्याकडे. पुढे ज्याच्याशी लग्न झालं, त्याची लाजत लाजत लिहिलेली पत्रंही माझ्याचकडे. मुलगी झाली, तेव्हा तिचा पहिला फोटो मीच गावभर पोचवला. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं मालकीण म्हणायची. ते ऐकून मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी फुगायचे.

मुलगी दोन वर्षांची झाली आणि एके दिवशी तिने कुणीतरी दिलेलं बिस्किट खाल्लं. त्यात शेंगदाण्याची पूड होती. पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास अडकला. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं म्हणून पोर वाचली. पण त्या दिवसापासून मालकिणीची झोप हलकी झाली ती झालीच.

दवाखान्याच्या बाकावर तिला तसेच आणखी आईबाप भेटले. औषधाच्या चिठ्ठीमागे तिने अकरा जणांचे पत्ते लिहून आणले. अकराचे तीस झाले, तिसांचे नव्वद. दर गुरुवारी सकाळी ती सगळ्यांना पत्र लिहायची. कुठल्या बिस्किटात काय बदललं, कोणत्या बेकरीचा माल चालतो, कोणत्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला हवीत. त्यात 'चालेल' अशी एक यादी असायची. त्या यादीत जे असेल तेवढंच ही मुलं बाहेर खायची. आणि ही सगळी पत्रं मी न्यायचे! माझा रुबाब काय विचारता!

पण मित्रांनो, मला माझ्या कुवतीपेक्षा मोठं काम लागलं होतं. मी एका घराचं टपाल वाहणारी, नव्वद घरांचं कुठून वाहणार? कुणाच्या तरी आजोबांनी 'पत्र मिळाले' एवढं लिहून सगळ्यांना उत्तर पाठवलं. मग चाळीस जणांनी 'मलाही मिळाले' असं कळवलं. त्या ढिगाऱ्यात कामाचं पत्र बुडालं. आणि माझ्या कडेला जाहिराती लागायच्या. शेंगदाण्यापासून सावध राहा, या पत्राच्या शेजारी एकदा शेंगदाण्याच्या लोण्याची चकचकीत बरणी आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जाहिराती लावणारी मला फुकट चालवणारी कंपनीच, मी कुणाला सांगणार?

मग तो दिवस आला. एका ब्रेडवाल्याने पीठ बदललं होतं. गुरुवारचं पत्र सकाळीच गेलं होतं, तरी मालकिणीने घाईघाईने पुन्हा नव्वद पत्ते भरले, बटण दाबलं आणि मी म्हणाले, "आजची मर्यादा संपली. उद्या प्रयत्न करा." तिने पुन्हा दाबलं. मी दारच लावून घेतलं. चोवीस तास. नियम माझा नव्हता, पण दार माझंच होतं.

त्या चोवीस तासांत त्या नव्वद घरांतल्या, कपडे शिवणाऱ्या एका काकांच्या मुलाने तो ब्रेड खाल्ला. दोन दिवस दवाखान्यात राहून तो बरा झाला. मालकिणीने मात्र माझ्यासमोर बसून डोळ्यांना पदर लावला.

"ताई, रडून काय होणार?" भाऊ म्हणाला. आता तो कंपनीत संगणकाचंच काम करायचा. "बैलगाडीला विमानाचं काम सांगितलंस तू."

बैलगाडी! मला!

दोघांनी दुसरी सोय शोधायला घेतली. पहिली होती तीही फुकट. प्रत्येक पत्राच्या शेपटाला ती तीन जाहिराती बांधायची. दुसरीत शिरायला आधी प्रत्येकाने खातं उघडायला हवं होतं. "मला हे जमायचं नाही गं," असं त्या आजोबांनी फोनवर सांगितलं आणि ती बारगळली. तिसरी मात्र पसंत पडली. वर्षाला थोडी वर्गणी, एकही जाहिरात नाही. तिला म्हणायचे पत्रांची यादी, म्हणजे सगळ्यांसाठी मिळून एकच पत्ता. त्या पत्त्यावर कुणीही लिहावं, सगळ्यांना पोचतं. गुरुवारची पत्रंही आता आळीपाळीने सगळेच लिहू लागले. आजोबांचं 'पत्र मिळाले' फक्त लिहिणाऱ्याला जातं.

मालकिणीने तो पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला. सोळा वर्षांत माझा पत्ता कधी फ्रिजवर लागला नव्हता.

माझा जळफळाट झाला. माझं स्वतःचं काम उरलं ते विजेच्या बिलापुरतं. उरलेला दिवस सवलतीच्या चपलांच्या जाहिराती मोजत बसायचे. आणि सगळ्यांत बोचणारी गोष्ट म्हणजे, त्या नव्या यादीची पत्रं मालकिणीला माझ्याच दारी यायची. सवतीचं पोर रोज कडेवर घ्यायचं आणि वर त्याचं कौतुकही ऐकायचं! "अगं, किती छान चाललंय यादीचं," ती फोनवर सांगायची.

मग एका गुरुवारी सकाळी यादीवरून एक पत्र आलं. गटातल्या एका नर्सबाईंनी लिहिलेलं. मथळ्यात 'तातडीचे', पुढे तीन उद्गारचिन्हं, आत सगळी लाल अक्षरं. अशा पत्रांकडे माझी चाळणी वाकड्या नजरेनेच बघते. लॉटरीवालेही असंच लिहितात. पण खरं सांगू? हे पत्र कुणाचं आहे ते मला कळलं होतं. मला ते आत घेता आलं असतं. मी म्हटलं, 'जा, बस लॉटरीवाल्यांच्या पंगतीला,' आणि ते स्पॅमच्या कप्प्यात ढकललं. नियमच आहे, असं मनाला समजावलं.

मग ते वाचलं. 'चालेल' या यादीतल्या बेकरीने कालपासून केकच्या पिठात शेंगदाण्याची पूड घालायला सुरुवात केली होती.

त्या दिवशी मुलीच्या वर्गात एका मुलाचा वाढदिवस होता. केक त्याच बेकरीचा येणार होता. 'चालेल' म्हटलेली बेकरी, म्हणून मालकिणीने पहिल्यांदाच हो म्हटलं होतं. डब्यात वेगळा खाऊ भरला नव्हता.

मुलगी दारात बूट घालून उभी होती. "आई, चल ना! आज मीपण सगळ्यांबरोबर खाणार!"

मालकिणीने मला उघडलं. आत चपलांच्या जाहिराती. मला ओरडायचं होतं, पण पेटीला तोंड नसतं. एकदा कप्प्यात ढकललेलं पत्र मला परतही काढता येत नाही. बंद करायला तिचा हात पुढे झाला.

आणि थांबला.

"गुरुवार, आणि एकही पत्र नाही?" ती स्वतःशीच म्हणाली.

"आई, उशीर होतोय!"

"थांब गं राणी, एकच मिनिट."

तिने स्पॅमचा कप्पा उघडला. कोटी रुपयांचं बक्षीस आणि केस वाढवणारं तेल यांच्या मधोमध ते पत्र बसलं होतं. तिने वाचलं. मग शाळेत फोन लावला. "बाई, केक कापू नका. हो, आत्ताच्या आत्ता बाजूला ठेवा, सांगते." आवाज शांत होता. फोन ठेवल्यावर ती तिथेच खाली बसली आणि मुलीला बुटांसकट मांडीवर घेतलं.

मुलगी रुसली. "म्हणजे परत माझा वेगळा डबा?" त्या रुसव्याइतकं गोड मी सोळा वर्षांत काही ऐकलं नाही.

मला वाटलं, आता मालकीण मला कायमची मिटवणार. भाऊ तेच म्हणाला. पण तिने त्या पत्रावर 'हा कचरा नाही' अशी खूण केली, यादीचा पत्ता माझ्या ओळखीच्या माणसांत लिहिला आणि म्हणाली, "चूक माझीही आहे रे. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं."

मित्रांनो, हेवा अजून गेलेला नाही. यादीचं पत्र आलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण मी ते सगळ्यांत वर ठेवते आणि मगच जळत बसते. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पेटी असेलच. तिला तिच्या बेताचंच काम द्या. आणि अधूनमधून तिचा स्पॅमचा कप्पा उघडून बघत जा. आम्ही कचरा म्हणून जे बाजूला टाकतो, ते दरवेळी कचरा असतंच असं नाही. कधीकधी आमच्या मनातच कचरा असतो.