काटा शून्यावर होता

ओट्यावर सहा वस्तू होत्या: मैद्याचा डबा, लोण्याची वडी, पिठीसाखरेची बरणी, चहाची पत्ती कुटायचा खल, एक चमचा आणि मी. मित्रांनो, शेगडीवरच्या किटलीशेजारी उभा असलेला तो सहावा म्हणजे मी, एक जुना वजनकाटा. डोक्यावर ताटली, छातीवर आकड्यांची तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग. माझी सगळी अक्कल त्या स्प्रिंगमध्ये आहे. ती आता फार थकली आहे, म्हणून मी जरा थांबत थांबत सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याची एक बाई बसत असे. तिने माझ्या ताटलीत एक किलोचे पितळी वजन ठेवले. काटा एकच्या आकड्यावर गेला आणि गप्प उभा राहिला. तिने माझ्या पाठीवर लाल ठिपका लावला आणि म्हणाली, "हा पास." त्यानंतर माझी परीक्षा कोणी घेतली नाही. एकदा पास झालेल्याची कोण घेतो?

मला घरी आणले दोन बहिणींनी. थोरली शिवणकाम करी. धाकटी तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो. धाकटी दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधत असे. तिची जीभ ताईच्या कात्रीपेक्षा धारदार होती. आई गेल्यानंतर दोघी या दोन खोल्यांत एकमेकींना धरून राहिल्या.

दर रविवारी ताई चहाची बिस्किटे करी. तीनशे ग्रॅम मैदा, दोनशे लोणी, एकशेवीस पिठीसाखर. हे सगळे माझ्यावर. चहाची पत्ती मात्र चमच्याने, सपाट भरून दोन. एवढ्याशा पत्तीने माझा काटा जागचा हलतही नसे. ताई ती खलात बारीक कुटी, लोण्यात कालवी, पिठाचा लांब रूळ करून गार करी आणि सुरीने चकत्या कापी. बिस्किटे भाजू लागली की चहाचा वास जिन्यापर्यंत जाई. एका खेपेला चाळीस होत आणि पत्र्याचा डबा काठोकाठ भरे.

ते माझे मानाचे दिवस होते. स्वेटरची लोकर मी मोजली, पोस्टाची पाकिटे मोजली. शेजारच्या मांजरीचे पिल्लू दर आठवड्याला माझ्या ताटलीत बसे आणि उतरायचे नाव घेत नसे. घरात वाद झाला की धाकटी म्हणे, "काट्याला विचार. तो कोणाची भीड ठेवत नाही."

पण माझी जागा किटलीशेजारी होती. दिवसातून चार वेळा वाफ माझ्या पोटात शिरे. बाहेरून मला रोज पुसत. आत काय चालले आहे ते कोणी पाहिले नाही. स्प्रिंगला गंज चढला आणि ती झिजून बारीक होत गेली. ताटली रिकामी असतानाही काटा शून्याच्या पुढे सरके. मग ताई मागचे चाक फिरवून त्याला पुन्हा शून्यावर आणी. काटा शून्यावर आहे म्हणजे सगळे ठीक, असे तिला वाटे. खरे सांगतो, मलाही तसेच वाटे. पूर्वी तीनशेचा आकडा यायला पाच वाट्या मैदा लागे, मग साडेचार पुरू लागल्या, मग चार. ताई वाट्या मोजत नसे, तिची नजर काट्यावर असे. आणि मला वाटे, हल्ली पीठच जड येऊ लागले आहे. लोणी जड, साखर जड. मित्रांनो, थकलेल्याला असेच वाटते. आपण थकलो हे त्याला कळत नाही.

एका रविवारी धाकटीने बिस्किटाचा तुकडा तोडला आणि तोंड वाकडे केले.

"ताई, हे बिस्किट आहे की काढा?"

"नेहमीचंच तर केलंय."

"नेहमीचं? जीभ तुरट झाली माझी. आणि डबा रिकामा का दिसतोय? बत्तीसच आहेत. आठ कुठे गेली?"

ताई डब्याकडे पाहत राहिली. "मीच खाल्ली असतील," ती हळूच म्हणाली. "आठवत नाही बाई."

धाकटी हसायला गेली, पण ते हसू तिच्या ओठांवरच विरले. दोघींना एकच गोष्ट आठवली होती. त्यांच्या आईचेही असेच सुरू झाले होते. आधी भाजीत मीठ दोनदा पडले, मग गॅस चालू राहिला आणि शेवटी तिने आपल्याच मुलींना विचारले, "तुम्ही कोणाकडे आलात?"

त्या दिवसापासून ताई ओट्याकडे फिरकली नाही. घराच्या किल्ल्या तिने धाकटीच्या हातात दिल्या. "तूच ठेव. माझा आता भरवसा नाही." शिवायला आलेले कपडेही तिने परत पाठवले. त्याच्या पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचे ठरले. माझ्यावर एक फडके पडले आणि मी काळोखात रिकामा उभा राहिलो. काटा शून्यावर होता.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दुपारी फडके उचलले गेले. समोर धाकटी होती, पदर खोचून.

"ताई, आज मी करते. तू नुसतं तिकडून सांग."

"तुला जमणार आहे का? तुझं दूधसुद्धा उतू जातं."

"जन्मभर पुड्या बांधल्यात मी. सांग तू!"

खाटेवरून ताईने माप सांगितले. एक आकडा चुकला नाही. पत्ती कशी कुटायची, रूळ किती जाड, ओव्हन किती गरम, सगळे तिने न अडखळता सांगितले. धाकटीने तसेच केले. चकत्या कापताना ती मोठ्याने मोजत होती आणि बत्तीसवर तिची सुरी थांबली. पीठ संपले होते.

भाजून झाल्यावर तिने एक बिस्किट गरमच तोंडात टाकले.

"ई! हीसुद्धा कडूच!"

ताई उठून आली. तिने चव घेतली आणि कित्येक दिवसांनी ती हसली. "अगं, मग तूही निघालीस का माझ्याबरोबर?"

"मी नाही कुठे जात," धाकटी म्हणाली. तिने चमचा उचलून पाहिला, खाली ठेवला आणि मग माझ्याकडे वळली. असे रोखून तिने याआधी माझ्याकडे कधी पाहिले नव्हते. "ताई, चहा आपण चमच्याने घेतो. बाकी सगळं याच्यावर. चहा तेवढाच राहिला आणि बाकीचं कमी होत गेलं, तर?"

"पण काटा तर शून्यावर आहे."

"रिकामा असताना कोणीही शून्यावर असतो गं. ओझं दिल्यावर काय सांगतो ते बघू."

तिने रिकामे भांडे माझ्यावर ठेवले, चाक फिरवून काटा शून्यावर आणला आणि लिटरची खूण असलेली बाटली नळाखाली धरली. "लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. दवाखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं."

ताईने ओट्याची कड घट्ट धरली. "म्हणजे ती आठ बिस्किटं... मी खाल्ली नव्हती?"

"थांब. आधी ओतू दे."

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी चुकू लागले, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या हातात तुम्ही काय दिले आहे ते एकदा तपासा. आणि माझ्यासारख्यांना वर्षातून एकदा तरी तेलाचा थेंब द्या. आम्हाला आमचे वजन करता येत नाही.

पाणी भांड्यात पडू लागले. काटा निघाला, एकच्या आकड्यापाशी आला, तो ओलांडून पुढे गेला, थोडा थरथरला आणि थांबला. धाकटीने चष्मा पुसून आकडा मोठ्याने वाचला.

एक किलो दोनशे पन्नास ग्रॅम.