काउंटरवरची मावशी

टर्नरने श्वास रोखून कागदी खिडकीचा शेवटचा गज मोकळा केला. मग पातं बाजूला ठेवलं आणि बोटाच्या टोकाने खिडकीचं दार ढकललं. नखाएवढं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बिजागरी कुठून आणलीत?" बायकोने खांद्यावरून वाकून विचारलं.

"आणतोय कुठून! घडीच आहे ती. कागद ऐकतो गं. लोखंडासारखा हट्टी नसतो."

ती चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली. वर्षभरापूर्वी कारखाना बंद पडला, तो टर्नर म्हणून चालवायचा ते लेथ मशीन भंगारात गेलं, आणि तेव्हापासून हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत असे. भिंतीवर काही नव्हतं. कुणी विचारलं तर "जरा बसलोय" म्हणायचा. आता तो जेवणाच्या टेबलाशी वाकून बसला होता, चष्मा नाकावर घसरला होता आणि चहा निवतोय याचं त्याला भान नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की तिने चहाची आठवणही करून दिली नाही.

हे सामान तिच्याच कंपनीचं. फोटो लावायच्या चिकटवह्या, अल्बम, त्यासाठी लागणारे रंगीत कागद, चिकटपट्ट्या, कात्र्या, फुलं कापायचे पंच. तिचं काम या सगळ्याला नावं द्यायचं, म्हणून ऑफिसात तिला नावबाई म्हणत. लोक दुसऱ्यांना नावं ठेवतात ती फुकट, ही पगार घेऊन ठेवायची. मुलींसाठीच्या कागदांना 'सोनपरी', बायकांसाठी 'हळवी सांज', मुलांसाठी 'झेप', पुरुषांसाठी 'पोलाद'. कागद एकाच गिरणीतून यायचा, पण दुकानात त्यांची कपाटं समोरासमोर होती. मधून जाणारं माणूस आपोआप एका बाजूला वळायचं.

खराब निघालेली खोकी निवडायला म्हणून तिने एकदा घरी आणली, तिथून टर्नरचा कागदाशी संबंध आला. पहिल्याच दिवशी त्याने दोन कटर शेजारी शेजारी खोलून ठेवले. गुलाबी खोक्यातला 'नाजुका' आणि काळ्या खोक्यातला 'धडाका'.

"एकाच साच्यातली भावंडं आहेत ही," तो म्हणाला. "एकीला फ्रॉक घातलाय, एकाला पँट. आणि हा धडाका महाग का?"

"पुरुष घासाघीस करत नाहीत."

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," असं म्हणून त्याने दोन्ही पाती काढली आणि धार लावून पुन्हा बसवली. त्या दिवशी तो पुष्कळ दिवसांनी स्वतःहून हसला होता.

त्यामुळे आज तिने विषय काढला.

"आमच्या मोठ्या दुकानात काउंटरवर माणूस हवंय. लोक फोटो घेऊन येतात, त्यांना कसं लावायचं ते दाखवायचं, चार गोष्टी करून द्यायच्या. तिथल्या बाई गुडघ्यांपायी काम सोडतायत. मी साहेबांना तुम्ही मागे केलेलं ते कागदाचं घर दाखवलं. ते म्हणाले, उद्या येऊ देत."

टर्नरने चष्मा काढला. कान लालसर झाले होते, म्हणजे आनंद झाला होता.

"काय म्हणतात त्या जागेला?"

"कुठल्या?"

"अगं, पदाला. फिटर, टर्नर, तसं काहीतरी असेलच ना."

नावबाईने चहा ढवळला. तो बिनसाखरेचा होता.

"हौस मावशी," ती म्हणाली.

नाव तिनेच ठेवलेलं होतं आणि तिच्या सगळ्या नावांत तेच जास्त गाजलं होतं. पांढऱ्या एप्रनवर छातीशी लाल दोऱ्याने 'हौस मावशी' भरलेलं, भोवती फुलं. जाहिरातीत 'माय मरो, मावशी जगो' ही म्हणही घालायची साहेबांची फार इच्छा होती, तिनेच त्यांना थोपवलं होतं.

"मावशी," टर्नर म्हणाला. नट हातात घेऊन आटे तपासावेत तसा त्याने तो शब्द तपासला. "कारखान्यातली माणसं येतात त्या दुकानात. बायकापोरांना घेऊन."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद गोळा केले, पाती फडक्यात गुंडाळली, सगळं खोक्यात भरून खोकं कपाटावर टाकलं. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता.



---

"नाव बदलायचं?" साहेबांनी खुर्ची फिरवली. "गेलीच असतील ना आठ-दहा वर्षं त्या नावाला! मावशी म्हटलं की लोकांना घरच्यासारखं वाटतं."

"सगळीकडे नको, साहेब. फक्त या एका जागेसाठी."

"मग मामा करू."

"मामा नको. कंपनीने आम्हाला मामा बनवलं म्हणतील लोक."

"काका?"

"काका म्हटलं की गेटवरचा वॉचमन वाटतो."

"ते मात्र खरं." साहेब विचारात पडले. "बाई, नावं ठेवायचं खातं तुमचं. पुरुषाला शोभेल असं काहीतरी द्या की."

नावबाई क्षणभरच थांबली. "मास्टर," ती म्हणाली.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. मास्टर म्हटल्याबरोबर पुढचं सगळं त्यांना आपसूक सुचत गेलं. एप्रन काळा, फुलंबिलं नकोत, वर पितळी बटण. पगार जरा वाढवावा लागेल. आणि काउंटरमागे उंच स्टूल.

"स्टूल?" तिने विचारलं.

"मास्टर दिवसभर उभा राहिला तर शिपाई वाटेल ना."

काउंटरवरच्या मावशी गुडघ्यांसाठी कितीतरी दिवस स्टूल मागत होत्या. मावशी उभी असली की दुकान हसतं-खेळतं वाटतं, असं त्यांना दर वेळी सांगण्यात आलं होतं. नावबाईला ते दाराशी आठवलं. ती थबकली, मागे वळावं असं तिला वाटलंही. पण तिला काहीही करून ते खोकं कपाटावरून खाली आलेलं बघायचं होतं. ती बाहेर पडली.

---

टर्नर कामावर जाऊ लागला. पहिल्या दिवशी त्याने गुळगुळीत दाढी केली आणि आपली पाती सोबत घेतली. मावशी आठवडाभर त्याच्या जोडीला राहून काम शिकवणार होत्या.

नावबाई रोज संध्याकाळी उत्साहाने विचारायची आणि रोज तिचा उत्साह थोडा थोडा गळायचा.

"काय केलं आज?"

"दोघांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं. एका बाईंना पावती बदलून हवी होती."

"आणि कागद?"

"कागद जागेवर आहे."

एक दिवस तो म्हणाला, "आज एका बाईंनी विचारलं, मास्टर, मावशी कधी येतील जेवून? म्हटलं, मला सांगा ना. त्या म्हणाल्या, नको, तुम्ही कामात असाल. मी काही कामात नव्हतो." तो पाती गुंडाळलेलं फडकं सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. पगार वाढीव होता, एप्रन रुबाबदार होता, आणि माणूस पुन्हा 'जरा बसलोय'वर येऊन ठेपला होता. नावबाईला आतून रडू येत होतं. तिने एवढी खटपट करून त्याला एका खुर्चीतून उठवून दुसऱ्या, जरा उंच खुर्चीत बसवलं होतं.

रविवारी ती स्वतःच दुकानात गेली. काउंटरपाशी गर्दी होती, पण सगळी एका टोकाला. स्टुलावर मावशी बसल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. ते स्टूल त्यांना दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं, टर्नरच्या हट्टामुळे. त्यांच्यासमोर बायका पिशव्या उपसत होत्या. कुणाची आई, कुणाचं बाळ, कुणाचं मोडलेलं लग्न. मावशी प्रत्येक फोटोला "अगंबाई", "काय सांगतेस" असं म्हणत कागद शोधत होत्या. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला टर्नर काळ्या एप्रनमध्ये ताठ उभा होता. त्याच्यासमोरची काच इतकी स्वच्छ होती की तो ती किती वेळा पुसत असेल ते विचारायलाच नको.

गर्दी सरल्यावर नावबाई मावशींच्या जवळ गेली.

"मावशी, ह्यांच्याकडे कुणीच कसं जात नाही हो? हात बघितलेत ना त्यांचे?"

"बघितले की! बोटांत जादू आहे त्याच्या. मी जन्मभर केलं तरी मला ती खिडकी जमायची नाही." मावशींनी आवाज खाली घेतला. "पण तू त्याला मास्टर करून ठेवलंस. शाळेत मास्तर आला की आपण काय करायचो? वही झाकायचो. मास्तरपुढे आपला पसारा कोण मांडेल गं?"

"मग मी काय करायला हवं होतं?"

"ते मला काय विचारतेस? मी आपली मावशी." त्या हसल्या आणि स्टुलावरून सावकाश उतरल्या. "मास्टरचेच गुडघे दुखतात, मावशीचे नाही, एवढं मात्र या वयात नव्याने कळलं."

त्या हसल्या तरी नावबाईला हसता आलं नाही. 

---

मावशींच्या शेवटच्या दिवशी टर्नर उशिरा घरी आला. त्याने काखेतली पिशवी टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेला.

"आत काय आहे?"

"बघ."

तिने पिशवी उघडली. आत धुऊन घडी घातलेला पांढरा एप्रन होता. लाल अक्षरं, भोवती फुलं.

"मागून घेतला मावशींकडून," तो मोरीतूनच म्हणाला. "नाड्या पुरत नाहीत मला. लांब करून देशील?"

"अहो, पण..." तिला पुढचं जुळवता येईना. "कारखान्यातली माणसं?"

"येतील." तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला. "हसतील. हसायला का होईना, समोर उभी तर राहतील."

"आणि साहेब?"

"साहेबांना सांगेन, काळा धुवायला टाकलाय. रोजच टाकेन." मग तो खुर्चीत बसला, टेबलाजवळच्या. "पगाराचं म्हणशील तर तो कमी करू देत. पण स्टूल मी सोडणार नाही. मावशीलाही स्टूल लागतं, हे एकदा त्यांनी डोळ्यांनी बघू दे."

तिने शिवणाचा डबा काढला. सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागला, कारण डोळे भरून आले होते. टर्नरने सुई तिच्या हातातून घेतली, ओवून दिली आणि आपला चष्मा पुसत बसला.

---

पुढच्या रविवारी ती त्याला न सांगता गेली आणि 'पोलाद'च्या कपाटाआड उभी राहिली. ऑफिसात नवीन हंगामाची नावं तिची वाट बघत होती. मुलींसाठी काय, मुलांसाठी काय. महिना होत आला तरी तिला एकही सुचलं नव्हतं.

काउंटरशी दोन शाळकरी मुली टर्नरच्या एप्रनकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. तो गंभीरपणे म्हणाला, "हसून झालं की या, पंच दाखवतो." त्या आणखीच हसल्या आणि आल्या. जाताना दोघींच्या हातांत कागदी खिडक्या होत्या.

त्यानंतर बराच वेळ कुणी आलं नाही.

मग नावबाईच्या शेजारून एक दांडगा माणूस पुढे गेला. अंगात ट्रक कंपनीचं जाकीट, हातात 'पोलाद'चं पाकीट. ते त्याने मघापासून दोनदा उचलून दोनदा ठेवलेलं तिने पाहिलं होतं. तो काउंटरशी थांबला, त्याने एप्रन वाचला, पुन्हा वाचला, आणि पोट हलेपर्यंत हसला.

"काय मावशी, बरं आहे ना?"

"बरं आहे," टर्नरही हसला. "गुडघे तेवढे धरतात."

ड्रायव्हर हसतच होता. हसू ओसरल्यावर मात्र तो गेला नाही. त्याने पाकीट काउंटरवर ठेवलं.

"मुलीसाठी अल्बम करायचाय. हे चालेल का? समोर सगळं गुलाबी आहे. गुलाबी तिला आवडायचा नाही."

"मग काय आवडायचं?"

"हिरवा. माझ्या ट्रकसारखा." त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून एक जाड पुडकं काढलं, पण ते सोडलं नाही, नुसतं अंगठ्याने दाबत राहिला. "पण तेव्हा ती एवढीशी होती. आता बारावं लागलंय. आईकडे असते, लांब. आता तिला काय आवडतं, ते... कुणाला विचारणार?"

 टर्नरने 'पोलाद'चं पाकीट उचलून बाजूला ठेवलं, समोरची पाती, पंच, पट्ट्या, सगळं हाताने सरकवलं आणि काउंटर मोकळा केला. मग स्टूल बाहेर काढून ड्रायव्हरच्या बाजूला ठेवलं.

ड्रायव्हर बसला. त्याने पुडक्याचं रबर काढलं आणि मान वर केली.

"वेळ आहे ना तुम्हाला, मावशी?" त्याने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"आहे की," टर्नर म्हणाला. "मांडा."