पाय भारी

गाडीच्या लायसनची परीक्षा घेणाऱ्या साहेबाने पंक्चरवालीला दोनदा नापास केलं आणि दोन्ही वेळा एकच वाक्य तोंडावर फेकलं, "बाई, तुमचा पाय भारी आहे."

हे तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, हीच चूक झाली. सासूने विणकाम बाजूला टाकलं, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "कितवा महिना गं?"

पंचेचाळिशी उलटलेल्या सुनेने कपाळावर हात मारला. "आई, क्लचवरचा पाय! क्लचवरचा!"

"मग तसं सांगावं की. उगाच म्हातारीला आशेला लावायचं."

पण पाय भारी नव्हताच, गाडी आजारी होती. पंक्चरवालीच्या बापाने मागे ठेवलेली ती जुनी गाडी पळताना झकास पळायची, पण थांबली की हिवताप भरल्यासारखी थडथडायची आणि मान टाकायची. जिवंत ठेवायची तर ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागे. म्हणजे एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर आणि तिसरा ॲक्सिलरेटरवर. तिसरा पाय देवाने दिला नव्हता. साहेबाला इंजिनाचं दुखणं ऐकू येत नव्हतं, बाईचा पाय मात्र बरोबर दिसत होता. असले कान आणि असले डोळे खुर्चीवर बसले की आपोआप उगवतात.

आज दुपारी तिसरी खेप होती, आणि शेवटचीही. घरात निकाल लागून गेला होता, की आज नापास झाली तर गाडी दिराकडे जाणार. दिराचं म्हणणं सोपं होतं. "वहिनी, मी आहे ना न्यायला-आणायला!" आहे, नक्की आहे. हमरस्त्यावर कुणाचा टायर बसला की फोन यायचा. मग हा गडी आंघोळ करणार, भांग पाडणार, आरशाची परवानगी काढणार. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याच कुणाच्या जॅकवर चढलेलं असायचं. नवरा मालट्रक घेऊन मुलूखभर फिरत होता आणि बायको हातात पाना-पकड घेऊन दिराचा भांग सरळ व्हायची वाट बघत होती.

सकाळीच तिने दुकानासमोर बॉनेट उघडलं. सासू नेहमीसारखी मागच्या सीटवर विणत बसली होती. घरापेक्षा तिला तिथेच बरं वाटायचं, एरवी गाडी बंद असायची म्हणून. आता इंजिन चालू होतं, आणि त्या थडथडीने म्हातारीची कवळी कटकट वाजत होती.

बॉनेट उघडलं की हात पाठीमागे बांधून उभे राहणारे कुठून उगवतात कोण जाणे! त्यांच्या पुढे दीर होता. "प्लग मी नवे टाकलेत. कार्बोरेटर मी साफ केलाय. स्क्रूही चढवून चढवून दमलो," तो म्हणाला. उभ्या गाडीत इंजिन किती जोराने फिरायचं ते ठरवणारा तो स्क्रू. "गाडीत दम नाही, वहिनी. हार पत्करा."

पंक्चरवालीने हार पत्करली नाही. कुठेतरी बारीक सूं सूं येत होतं आणि अशा आवाजावर तिचं पोट भरत होतं. तिने साबणाचं पाणी घुसळलं आणि ब्रशने रबरी पाइपांना फेस फासायला घेतला.

"इंजिनाची दाढी करताय का?" दीर म्हणाला. बघे फिदीफिदी हसले.

"तुमचीही करीन. रांगेत उभे राहा."

ती बुडबुड्यांची वाट बघत राहिली. ट्यूब फुटलेली असली की बुडबुडा येतोच. इथे एकही येईना. शेवटी तिने कार्बोरेटरच्या मागे हात घालून एका पाइपाच्या बुडाला फेस लावला, तर फेसच नाहीसा झाला. पुन्हा लावला. पुन्हा गायब. आणि तेवढ्या क्षणापुरतं इंजिन शहाण्यासारखं फिरलं.

"अगं, थांबले!" मागून सासू ओरडली.

"काय थांबलं?"

"माझे दात!"

पंक्चरवाली हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिली. जन्मभर तिने बाहेर पळणारी हवा पकडली होती. ट्यूब हवा सोडते, पण इंजिन हवा ओढतं! बुडबुडे येणार कुठून? बया गिळत होती. त्या भेगेतून नको ती हवा आत जात होती आणि उभ्या गाडीला ठसका लागत होता.

तिने इंजिन बंद केलं, पाइपाचं तडकलेलं टोक कापून टाकलं, उरलेला ओढून घट्ट बसवला आणि वर क्लिप आवळली. गाडी सुरू केली, तर ती डरकाळ्याच फोडायला लागली.

"घ्या! होती नव्हती तीही बिघडवली!" दीर म्हणाला.

"भावजी, हा तुमचा स्क्रू ओरडतोय. चोर घरात होता म्हणून तुम्ही ताट वाढवत होतात. चोर गेला, ताट तेवढंच राहिलं." तिने स्क्रू हळूहळू उतरवायला घेतला. "आई, वाजतात का?"

"नाही, पण कान फुटतायत."

"आता?"

"आता किंचित वाजले."

तिने स्क्रू केसभर परत चढवला. "आता?"

उत्तर आलं नाही. म्हातारीला डुलकी लागली होती.

दुपारी साहेब शेजारी येऊन बसला. मैदानाच्या फाटकाशी सासू आणि दीर उभे होते. पंक्चरवालीने गाडी पांढऱ्या रेषेवर आणून थांबवली. ना थडथड, ना आवाज.

"पडली ना बंद?" साहेबाला उकळ्या फुटल्या. "तरी मी म्हणतो—"

"चालू आहे, साहेब."

"मला शिकवता?" म्हणत साहेबाने स्वतःच हात घालून किल्ली पिरगाळली. चालू इंजिनावर स्टार्टर असा किंचाळला, की फाटकापाशी दिराने कानांवर हात ठेवले. साहेबाने चटका बसल्यासारखी किल्ली सोडली.

बोलू नये, हे पंक्चरवालीला कळत होतं. लायसन त्याच्या हातात होतं. पण दोन खेपा गिळलेलं वाक्य घशाशी आलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "हात भारी आहे तुमचा."

साहेबाचे कान लाल झाले. मग मिशीत काहीतरी हललं. "पुढे घ्या," तो म्हणाला. तिने गाडी पुढे घेतली, मागे घेतली, चढावर थांबवली, तिथून उचलली. गाडीने एकदाही मान टाकली नाही. साहेबाने कागदावर 'पास' लिहिलं आणि तो उतरला.

फाटकाशी येऊन तिने काच खाली केली. "आई, मोकळी झाले!"

"मुलगा की मुलगी?" सासूने डोळे मिचकावत विचारलं.

"लायसन!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हमरस्त्यावर कुणाचा तरी टायर बसला होता. दिराचा हात सवयीने खिशातल्या कंगव्याकडे गेला.

"भावजी, कंगवा राहू द्या," पंक्चरवाली म्हणाली. "मागे बसा. जॅक धरायला माणूस लागणार आहे."