कंसातली मावशी

मंडळी, ज्या घरात कुणी प्रबंध लिहीत असतं, त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं सापडतं. या घरातही तीच तऱ्हा होती. रविवारची दुपार, टेबलावर एकशे चाळीस संदर्भांची यादी, आणि समोरासमोर बसलेल्या मावशी-भाची. भाची मानसशास्त्राची संशोधक. वय एकतीस, त्यातली सहा वर्षं या प्रबंधात गेलेली. मावशी मुलांच्या रुग्णालयात वॉर्ड क्रमांक चारमध्ये मदतनीस. अख्खं रुग्णालय तिला मावशी म्हणायचं, पण सख्खी मावशी ती फक्त हिची. भाची पाच वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून घरात या दोघीच.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. मावशी पट्टी धरून एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती आणि भाची ती पडद्यावर ताडून बघत होती.

"आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब, कंसात साल, कंस बंद, परत टिंब. अगं, या लोकांना टिंबांचं एवढं काय वेड लागलंय?"

"आमच्या विषयाची पद्धत आहे ती. एक टिंब चुकलं तरी प्रबंध परत येतो."

"आणि आमच्याकडे डॉक्टरांच्या त्या अक्षरावर औषधं दिली जातात!" मावशीनं नाक मुरडलं. पट्टी एक ओळ खाली सरकली आणि तिचा चेहरा एकदम खुलला. "हेच ना गं ते? परदेशातले मोठे प्रोफेसर?"

"कोण?"

"माझ्यासारखं बोलणारे! शिकाऊ नर्सना वर्गात कागद वाटलाय. त्यात लिहिलंय, घाबरलेल्या मुलाला नुसतं 'घाबरू नको' म्हणू नये, त्याला काहीतरी सांभाळायला द्यावं. आणि पुढे कंसात यांचं नाव. मी पोरींना म्हटलं, अगं, हे मी पंचवीस वर्षं करतेय! तर म्हणाल्या, मावशी, तुम्ही कुठंतरी ऐकलं असेल." मावशी हसली. "असेलही बाई. पण बरं वाटलं हो. सातासमुद्रापार एवढ्या मोठ्या माणसाला पण तेच सुचलं!"

भाचीनं घाईघाईनं पुढची ओळ वाचायला सांगितली.

आता खरं काय ते तुम्हाला सांगायलाच हवं. त्या मोठ्या माणसाला तसलं काहीही सुचलेलं नव्हतं! ते वाक्य मावशीचं होतं, शब्द न् शब्द. ऑपरेशनला निघालेलं पोर रडायला लागलं की मावशी खिशातून आपलं जुनं चष्म्याचं घर काढायची आणि म्हणायची, "मी येईपर्यंत सांभाळशील? हरवू नको हं." पोर रडणं विसरून ते दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. ते बघूनच भाचीला प्रबंधाचा विषय सुचला. तिनं साठ मुलांचा अभ्यास केला. तीस जणांना काहीतरी सांभाळायला दिलं, तीस जणांना दिलं नाही, आणि मावशीचं म्हणणं खरं निघालं. पण पहिला मसुदा वाचून मार्गदर्शक सर म्हणाले होते, "'मावशी म्हणाली' असं प्रबंधात लिहिणार? भक्कम संदर्भ शोध." शोधून सापडला नाही. मग दुसऱ्या कुणाच्या यादीतून मुलांच्या भीतीवरचं एक जुनं पुस्तक तिनं उचललं, अंदाजानं 'पान एकशे बारा' लिहिलं आणि सुटली. एका परिषदेत निबंध वाचला, तो छापून आला, त्यातून नर्सिंगच्या वर्गात गेला. आणि आता तो मावशीच्याच वॉर्डात येऊन मावशीलाच शहाणपण शिकवत होता.

सोमवारी ती यादी घेऊन विभागाच्या ग्रंथालयात गेली. प्रबंध देण्याआधी ग्रंथपालबाई यादीतले दहा संदर्भ स्वतः कपाटातून काढून तपासत. विद्यार्थी त्यांना माघारी 'टिंबबाई' म्हणायचे, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"बस," बाई म्हणाल्या. त्यांच्यासमोर एक पातळसं पुस्तक होतं. "पान एकशे बारा लिहिलंयस ना?"

"हो."

"पुस्तक शहाण्णव पानांचं आहे."

भाचीचे कान तापले. "बाई, सगळेच एकमेकांच्या यादीतून उचलतात..."

"ठाऊक आहे मला. तुझ्या निबंधातून हेच पान आणखी दोघींनी उचललंय. आणि पुस्तक सहा वर्षं या कपाटातून कुणी हलवलेलं नाही." बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "टिंब चुकलं तर मी पेन्सिलनं दुरुस्त करते. त्याला काय लागतं? पण टिंब कशासाठी असतं गं? हे मी कुणाकडून घेतलं, ते वाचणाऱ्याला नीट सापडावं म्हणून. तू टिंबं सगळी बरोबर दिलीस आणि माणूसच चुकीचा लिहिलास. हे वाक्य म्हणालं कोण?"

ती हळूच म्हणाली, "माझी मावशी."

"मग तसं लिही की!"

"मावशीचा संदर्भ देता येतो?"

"सहा वर्षं नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपलीस आणि हे पान वाचलं नाहीस? तोंडी सांगितलेल्या गोष्टीलाही जागा आहे. मजकुरातच कंसात नाव, 'व्यक्तिगत संवाद' आणि तारीख. आधी तिची परवानगी मात्र घे. आपण ज्ञान घेताना कुणाकडूनही घेतो, स्वयंपाकघरातून, वॉर्डातून, फाटकावरच्या रखवालदाराकडून. आणि नाव द्यायची वेळ आली की नेमकं कपाटातल्या माणसाचं देतो. का गं?"

तुमच्या-माझ्याकडे तरी या 'का'चं उत्तर आहे का?

मार्गदर्शक सरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "मी संदर्भ शोध म्हणालो होतो, बनव नव्हे! हे आता बदललंच पाहिजे. पण परीक्षक कडक आहेत. असला आधार बघून प्रबंध परत पाठवला, तर आणखी एक वर्ष गेलं समज." मग म्हणाले, "चूक माझीही आहे. 'मावशी म्हणाली' या शब्दांना मी हसलो होतो."

तरी घरी सांगणं सगळ्यात अवघड होतं. मावशी धुतलेल्या उशांना अभ्रे घालत होती. भाचीनं एक उशी ओढून घेतली आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

मावशीचे हात थांबले. "म्हणजे त्या प्रोफेसरांना ते सुचलंच नव्हतं?"

"नाही. मी खोटं लिहिलं. तुझं होतं ते, मावशी. तुझं घेऊन मी त्यांना देऊन टाकलं." आणि ती रडायला लागली.

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा नुसता उतरला. "मला वाटलं होतं, लांब कुठंतरी कुणीतरी आपल्यासारखा विचार करतंय. सोबत वाटली होती गं." मग तिनं अभ्र्याच्या टोकानंच भाचीचे डोळे पुसले. "जाऊ दे. रडू नको, अभ्रा आत्ताच धुतलाय."

"तुझं नाव लिहू का?"

"माझं? मी कुठं काय लिहिलंय?"

"तू सांगितलंस. तेवढं पुरतं."

"त्या मोठ्या यादीत?"

"यादीत नाही, मजकुरात. यादीतलं पुस्तक वाचणाऱ्याला शोधून काढता येतं. तुला कुठं शोधणार?"

"का? वॉर्ड क्रमांक चारमध्ये!" मावशी म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या.

भाचीनं संदर्भ बदलला. परिषदेला आणि नर्सिंगच्या वर्गाला दुरुस्तीची पत्रं पाठवली, स्वतःची चूक स्वतःच्या सहीनं कबूल करून. यादी एकशे एकोणचाळीसची झाली, आणि उरलेली सगळी पुस्तकं तिनं खरोखर उघडून पाहिली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर ती प्रबंधातलं एकच पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. मावशी ड्यूटीवरून गणवेशातच आली होती. तिनं 'घाबरू नको' म्हटलं नाही. खिशातून चष्म्याचं घर काढून भाचीच्या हातात ठेवलं. "मी मागेच बसतेय. सांभाळ हं, हरवू नको."

तासभर प्रश्न झाले. शेवटी परीक्षकांनी एका पानावर बोट ठेवलं. "तुमच्या सगळ्या कामाचा पाया या एका वाक्यावर आहे. आणि आधार व्यक्तिगत संवाद! या बाई कुठल्या विद्यापीठात असतात?"

भाचीनं हातातलं घर घट्ट धरलं. "वॉर्ड क्रमांक चारमध्ये, सर. माझी मावशी आहे ती. आज मागे बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. परीक्षकांनी चष्मा वर केला. "बाई, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मावशी गोंधळून उभी राहिली. "सुचलं कसलं, साहेब. हिची आई गेली त्या दिवशी रुग्णालयात मला सह्या करायला बोलावलं. ही एवढीशी, बाकावर एकटी. 'रडू नको' कुठल्या तोंडानं म्हणू? मीच रडत होते. खिशात हे घर होतं, ते दिलं. म्हटलं, मी येईपर्यंत सांभाळ. परत आले तर पोटाशी धरून बसली होती, डोळ्यांत पाणी नाही. तेव्हा वाटलं, दुसऱ्या पोरांनाही द्यावं."

भाचीला तो बाक आठवला. हिरव्या भिंती आठवल्या. मावशी विसराळू आहे, घर हरवेल, म्हणून आपल्याला सांभाळायला दिलंय, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं! साठ मुलं तिनं मोजली होती, आणि त्यांच्या आधीचं पहिलं मूल ती स्वतःच होती. तिनं नाव पुसलं होतं ते त्या दिवशी तिलाच सांभाळणाऱ्या माणसाचं, हे तिला आत्ता कळलं. भरल्या सभेत ती हुंदके देऊन रडली, आणि तिला कुणी हसलं नाही.

परीक्षकांनी पेन उचललं. "कंसातली तारीख बरोबर आहे ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो सर."

"मग माझी काही हरकत नाही." आणि त्यांनी सही केली.

वाचकहो, टिंबं आणि स्वल्पविराम शिकता येतात, नियमांचं पुस्तक असतं त्याला. पण प्रबंध असो, कार्यालयातला अहवाल असो की चारचौघांत सांगितलेली शहाणपणाची गोष्ट असो, बोलण्याआधी क्षणभर थांबून आठवा, हे आपल्याला दिलं कुणी? आणि मग त्याच माणसाचं नाव घ्या, ते कुठल्याही कपाटात नसलं तरी.

बाहेर आल्यावर मावशीनं हात पुढे केला. "सांभाळलंस?"

"सांभाळलं," भाची म्हणाली, आणि चष्म्याचं घर तिनं मावशीच्या हातात परत दिलं.